शिकागोची खतावणी

इतिहास हा विषय कॉमर्सच्या पदवीधराने हाताळू नये, असा एक संकेत आहे. इतिहास म्हणजे तलवारी, तहनामे, फंदफितुरी आणि घोड्यांच्या टापा. आणि आम्ही बँकेतल्या लोकांनी आयुष्यात उपसलेलं सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे टाचणी. तीही बहुधा शेजारच्या टेबलावरून उसनी आणलेली. तरीपण वीस-बावीस वर्षं काउंटरमागे बसून माझं एक मत झालं आहे. इतिहासकार बेरजा फार सुरेख करतात, पण ताळा करून बघत नाहीत. ‘अमुक राजाने तमुक नगर वसवले’ असं लिहून ते मोकळे होतात. जमीन कोणाची होती, पैसा कुठून आला, विटा कोणी वाहिल्या, याची व्हाउचरं जोडलेली नसतात. अशी एकतर्फी कीर्द मी साहेबांपुढे नेली तर साहेब ती माझ्या अंगावर फेकतील. इतिहासकारांना मात्र तिच्यावर शाल-श्रीफळ मिळतं.

‘देणारा जमा, घेणारा नावे’ हा मंत्र आम्हाला कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवला. बाकी शिकवलेलं सगळं विसरलो, हा एवढा राहिला. कुठेही घेणारा दिसला की माझी नजर आपोआप देणाऱ्याला शोधू लागते. लग्नात अहेराची पाकिटं घेणारा वरपिता दिसला तरी हेच होतं. आमची ही म्हणते, तुमच्यासारख्या माणसाला लग्नाला नेऊ नये. असो.

तर सांगत होतो शिकागोबद्दल. मराठी माणसाच्या मनात शिकागो दोन आहेत. एक स्वामी विवेकानंदांचं आणि दुसरं अल कपोनचं. एकात सगळे बंधुभगिनी आहेत आणि दुसऱ्यात सगळे एकमेकांना गोळ्या घालताहेत. माझं शिकागो तिसरं, माझ्या मावसभावाचं. तो पंचवीस वर्षं तिथे आहे आणि त्या शहराचा त्याला असा अभिमान आहे की जणू पाया खणताना हा स्वतः घमेलं घेऊन उभा होता.

“अरे, दोनशे वर्षांपूर्वी इथे काय होतं?” तो मला फोनवर म्हणाला. “काही नव्हतं! नुसता चिखल आणि रानकांदे. आणि आज बघ. शून्यातून उभं केलंय सगळं, शून्यातून!”

मी हो म्हटलं, कारण फोन त्याने लावला होता. पण ‘शून्यातून’ हा शब्द काही घशाखाली उतरेना. आमच्याकडे एखाद्या रकमेचं मूळ सापडलं नाही तर ती शून्यातून आली असं म्हणत नाहीत. ती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि ऑडिटर येऊन जाईपर्यंत कोणाला झोप लागत नाही. म्हणून मग चार सुट्ट्या खर्ची घालून, लायब्ररीतली पुस्तकं आणून, मी शिकागोची खतावणी लिहायला बसलो. ती अशी.

आरंभीची शिल्लक : रानकांदे. यात मावसभावाचं म्हणणं खरं आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘शिकाक्वा’ म्हणजे एक उग्र वासाचा रानकांदा. तो नदीकाठी माजलेला असे. त्यावरून गावाचं नाव पडलं शिकागो. कांद्यावरून गावाचं नाव ठेवण्याचं धाडस आमच्या लासलगावकरांनाही झालं नाही. जागा म्हणाल तर मिशिगन सरोवराच्या काठची दलदल. पण या दलदलीत एक गंमत होती. एक छोटी नदी पूर्वेला सरोवरात जात होती आणि तिच्यापासून थोड्याच मैलांवर दुसरी नदी पार मिसिसिपीला जाऊन मिळत होती. मधला बुटका उंचवटा ओलांडला की उत्तरेचं पाणी आणि दक्षिणेचं पाणी यांचा हातात हात. 1673 साली जोलिए आणि मार्केट हे दोन फ्रेंच प्रवासी इथून गेले, तेव्हाच जोलिए म्हणाला की इथे एक कालवा काढला पाहिजे. कालवा निघाला 1848 साली. म्हणजे 175 वर्षं. सरकारी कामाला वेळ लागतो हे दुःख केवळ आपलंच आहे असं समजणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

बाहेरून येऊन तिथे कायमचं घर करणारा पहिला गृहस्थ म्हणजे जाँ बाप्तिस्त प्वाँ द्यु साब्ल. आफ्रिकी वंशाचा काळा माणूस. बायको पोटावाटोमी या तिथल्या जमातीतली, किटिहावा नावाची. 1780 च्या दशकात त्याने नदीच्या मुखाशी बिऱ्हाड थाटलं आणि 1800 साली सगळं विकून तो निघून गेला. त्या विक्रीचा कागद टिकला आहे. त्यात घर आहे, गिरणी आहे, भट्टी आहे, दूधदुभत्याची खोली आहे, गुरंढोरं आहेत आणि 44 कोंबड्या आहेत. त्या कोंबड्या मोजणाऱ्या अनामिक कारकुनाला माझा नमस्कार. कोंबड्या उभ्या राहून मोजू देत नाहीत. एवढा पुरावा असून शिकागोचा जनक म्हणून पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत झळकला तो जॉन किंझी नावाचा गोरा व्यापारी, जो त्याच घरात नंतर येऊन राहिला. नोंद दुरुस्त व्हायला एकविसावं शतक उजाडलं. 2021 साली सरोवराकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला द्यु साब्लचं नाव दिलं. पहिली जमा रक्कमच चुकीच्या खात्यात पडली होती म्हणायची!

आता जमीन. 1833 साली शिकागोतच एक तह झाला. पोटावाटोमी आणि त्यांच्या सोबतच्या जमातींनी मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची लाखो एकर जमीन सोडायची आणि मिसिसिपीच्या पलीकडे जायचं, असं ठरलं. मोबदला ठरला होता. पण तहाला एक यादी जोडलेली होती. या लोकांकडून आमचं इतकं-इतकं येणं आहे, असे गोऱ्या व्यापाऱ्यांनी दावे लावले होते आणि मोबदल्यातली मोठी रक्कम परस्पर तिकडे वळती झाली. परस्पर वळती करणे म्हणजे काय हे ज्याचा पगार कर्जखात्याला जोडलेला आहे त्याला सांगायला नको. फक्त आपण त्या कर्जावर सही तरी केलेली असते. 1835 साली, निघण्यापूर्वी, शेकडो पोटावाटोमी योद्धे अंगाला रंग फासून शिकागोच्या रस्त्यांतून अखेरचं नाचत गेले. बघणारे नवे शहरवासी खिडक्या लावून आत उभे होते. देणारे आपल्या डोळ्यांदेखत निघून जात आहेत आणि घेणाऱ्याची छाती धडधडते आहे, असं दृश्य बँकेत सहसा बघायला मिळत नाही.

तहानंतर प्लॉटची घाई सुरू झाली. 1833 साली साडेतीनशे माणसांचं गाव, 1837 साली चार हजारांचं शहर. कालवा निघणार, या एका बातमीवर जमिनीचे भाव आकाशाला भिडले. न्यूयॉर्कमध्ये बसून लोक शिकागोच्या दलदलीचे तुकडे नकाशावर बघून घेत होते आणि महिन्याभरात नफ्याने विकत होते. मग त्याच 1837 साली देशभर मंदी आली आणि फुगा फुटला. कालव्यासाठी इलिनॉय राज्याने काढलेलं कर्ज थकलं, व्याज थकलं, काम थांबलं. तेव्हा धनकोंनी काय केलं? जप्ती आणली? छे! त्यांनी आणखी कर्ज दिलं, कालवा आपल्या विश्वस्तांच्या ताब्यात घेतला आणि पुरा करून घेतला. थकलेलं कर्ज वसूल करायचं असेल तर त्याच कर्जदाराला पुन्हा कर्ज द्यावं, ही विद्या आपल्याकडच्या थोर उद्योगपतींनी शोधली असा माझा समज होता. ती इतकी जुनी निघाली.

कालवा झाला त्याच 1848 साली शिकागोत पहिली आगगाडी धावली, तार आली आणि ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ नावाची व्यापाऱ्यांची मंडळी स्थापन झाली. आणि इथे माझ्यासारख्या माणसाला ज्यात खरा रस, त्या प्रकरणाला सुरुवात होते.

त्याआधी गहू पोत्यातून जायचा. पोत्यावर शेतकऱ्याचं नाव. पोतं होडीतून जाओ, बोटीतून जाओ, विकलं जाईपर्यंत ते त्याचं पोतं. शिकागोत वाफेवर चालणारी उंचच उंच कोठारं उभी राहिली. पट्ट्यावर बसवलेल्या बादल्यांनी गहू वर उचलायचा आणि मोठमोठ्या कप्प्यांत ओतायचा. आता एकेकाचा गहू वेगळा कसा ठेवणार? म्हणून बोर्ड ऑफ ट्रेडने 1850 च्या दशकात प्रती ठरवल्या. एक नंबर, दोन नंबर असा शिक्का मारायचा, एका प्रतीचा सगळा गहू एकत्र ओतायचा आणि शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची.

हे ऐकताना मला आमच्या शाखेत येणारे एक आजोबा आठवले. ते एकदा भरलेले पैसे काढायला आले आणि “मी दिलेल्याच नोटा द्या” म्हणून हटून बसले. त्यांचं म्हणणं, त्यांच्या नोटा कोऱ्या करकरीत होत्या आणि आम्ही देत होतो त्या कोणीतरी मिठाच्या बरणीत ठेवल्यासारख्या. त्यांना कसं समजवायचं, की आजोबा, काउंटरच्या अलीकडे आली की नोटेला मालक उरत नाही, फक्त रक्कम उरते! बँकेने पैशाचं जे केलं तेच शिकागोने गव्हाचं केलं. अमक्या गावच्या तमक्याने पिकवलेला गहू संपला. उरला दोन नंबरचा गहू, इतके बुशेल.

आणि एकदा पावती हातात आली की ती विकता येते, गहाण टाकता येते, आज विकून उद्या परत घेता येते. पुढची पायरी म्हणजे जो गहू अजून उगवलाच नाही त्याची खरेदी-विक्री. 1865 साली बोर्डाने या वायद्यांचे पक्के नियम केले. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपण हसण्यासाठी वापरली. शिकागोने तिच्यावर जगातला सर्वांत मोठा धान्यबाजार उभा केला. तुरी बाजारात नसतानाही भटाने त्या विकल्या, भटणीने विकत घेतल्या आणि दोघांनी दलाली तिसऱ्याला दिली.

यात वाईट काही नाही, हे मी कॉमर्सचा माणूस म्हणून सांगतो. वायद्याने गिरणीवाल्याला भावाची हमी मिळते, पावतीवर शेतकऱ्याला बँक उचल देते. या पावत्या नसत्या तर ते शहरही नसतं. पण कोठारं होती मूठभर लोकांची. भाडं किती घ्यायचं आणि गव्हाला प्रत कुठली लावायची, यात त्यांचाच हात वर. शेवटी शेतकरी संघटित झाले, इलिनॉय राज्याने कोठारांच्या भाड्यावर मर्यादा घालणारा कायदा केला आणि 1877 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. देणाऱ्यांनी आपली नोंद करून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढल्याचं हे पहिलं मोठं उदाहरण मला या खतावणीत सापडलं.

शहर कसं वाढत होतं ते जनगणनेत बघा. 1840 साली 4,470. 1860 साली 1,12,172. 1870 साली 2,98,977. 1890 साली 10,99,850. पन्नास वर्षांत अडीचशे पटींच्या जवळपास. इतक्या वेगाने वाढणारी एकच गोष्ट मी बँकेत पाहिली आहे, थकबाकी.

एवढी माणसं दलदलीवर राहायची म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न. गटारं पुरायची तर खाली खणता येईना, पाणी लागे. तेव्हा एलिस चेसब्रो नावाच्या इंजिनिअरने 1855 साली सुचवलं की गटारं जमिनीवरच टाका, त्यांच्यावर भर घाला आणि शहरच वर घ्या. आपल्याकडेही दर पावसाळ्यानंतर डांबर चढून रस्ता वर येतो आणि दुकानात जायला पायरी उतरावी लागते. पण तिथे रस्त्यामागोमाग इमारती वर घेतल्या. खाली हजारो जॅक लावायचे, शेकडो माणसं उभी करायची, शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम एकेक फेरा द्यायचा. 1860 साली लेक स्ट्रीटवरची दुकानांची अख्खी रांग अशी साडेचार फुटांवर उचलली. 1861 साली ट्रिमाँट हाऊस हे विटांचं भलंमोठं हॉटेल उचललं आणि आत पाहुणे राहत होते, जेवत होते. आमच्या इमारतीत लिफ्टची दुरुस्ती निघाली तर सोसायटी आठ दिवस आधी नोटीस लावते.

सांडपाणी गेलं नदीत, नदी गेली सरोवरात आणि सरोवराचं पाणी प्यायला शहरात. हा हिशेब फारच लौकर जुळू लागला. कॉलरा आणि विषमज्वर आले. 1867 साली सरोवराखालून दोन मैलांचं भुयार खणून लांबचं पाणी आणलं, तरी भागेना. शेवटी ‘उलटी गंगा’ हा आपला वाक्प्रचार त्यांनी सरकारी खर्चाने अमलात आणला. 28 मैलांचा नवा कालवा खोदून शिकागो नदीची दिशाच बदलली. सरोवरात जाणारी नदी आता सरोवरातून निघून मिसिसिपीच्या दिशेने वाहू लागली. 1900 सालच्या जानेवारीत, घाईघाईने, गाजावाजा न करता कालव्याचं पाणी सोडलं. घाई एवढ्यासाठी, की खालच्या अंगाला असलेलं सेंट लुई शहर कोर्टाचा मनाई हुकूम आणण्याच्या बेतात होतं. शिकागोची घाण आता त्यांच्या दारावरून जाणार होती. मिसूरी राज्याने दावा लावलाच. 1906 साली सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो फेटाळला. या कालव्याने शिकागोचे असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण वाहून गेलेली घाण नाहीशी होत नाही, फक्त दुसऱ्या शाखेत बदली होते.

मधेच आगीचं राहिलं. शिकागोचा इतिहास आगीशिवाय सांगणं म्हणजे सत्यनारायणाची कथा प्रसादाशिवाय. 8 ऑक्टोबर 1871, रविवारची रात्र. ओलिरी नावाच्या गरीब आयरिश बाईच्या गोठ्यात आग लागली. दोन दिवसांत शहराचा मधला भाग जळाला. सुमारे तीनशे माणसं गेली, एक लाख बेघर झाली, सतरा हजारांवर इमारती राख झाल्या. शहर लाकडाचं, फुटपाथ लाकडाचे, काही रस्तेसुद्धा लाकडी ठोकळ्यांचे आणि कित्येक आठवडे पावसाचा थेंब नाही. पण लोकांना सावकाश विचार करायला लावणारं कारण नको असतं. ओलिरीबाईंच्या गाईने लाथ मारून कंदील पाडला, अशी कथा वर्तमानपत्राने उठवली. गोष्ट रचलेली होती हे पुढे एका बातमीदारानेच कबूल केलं, तरी बाई जन्मभर तोंड लपवून राहिल्या. 1997 साली शिकागोच्या नगरपरिषदेने ठराव करून बाईंना आणि गाईला निर्दोष ठरवलं. सव्वाशे वर्षांनी! गरीब गाय म्हणतात ती हीच.

या आगीतली माझी आवडती हकिकत कारकुनांची आहे. काउंटीच्या कचेरीत जमिनीच्या मालकीची सगळी दप्तरं जळाली. कुठला प्लॉट कोणाचा, सांगायला कागद नाही. पण मालकी हक्कांचे उतारे काढून देणाऱ्या तीन खासगी पेढ्या होत्या. त्यांच्या माणसांनी आग मागे लागलेली असताना आपल्या वह्या गाड्यांवर घालून पळवल्या. प्रत्येकीच्या वाचलेल्या वह्या अपुऱ्या, पण तिन्ही एकत्र केल्यावर हिशेब पुरा झाला. 1872 साली राज्याने खास कायदा करून त्या वह्यांना कोर्टात मान दिला. जॅक लावणारे इंजिनिअर, बोर्ड गाजवणारे दलाल, सगळ्यांची चरित्रं आहेत. शहर पुन्हा उभं राहिलं ते मात्र वह्या छातीशी धरून पळणाऱ्या कारकुनांमुळे, असं मी आमच्या हेडकॅशिअरना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

आणि त्याच रात्री, शिकागोच्या उत्तरेला, विस्कॉन्सिन राज्यातलं पेश्टिगो हे गाव जळालं. तिथे किमान 1,200 माणसं मेली, शिकागोच्या चौपट. पेश्टिगो हे लाकडाचं गाव. गवताळ माळावरच्या शिकागोला घरं बांधायला झाडं नव्हती, म्हणून विस्कॉन्सिन आणि मिशिगनची पाइनची जंगलं तोडून सरोवरातून शिकागोच्या वखारीत येत. तोडीच्या फांद्या आणि भुसा मागे पडे. तो कोरड्या ऑक्टोबरात पेटला. पेश्टिगोच्या लाकूड कंपनीत भांडवल होतं विल्यम ऑग्डेनचं आणि हे ऑग्डेन म्हणजे शिकागोचे पहिले महापौर. म्हणजे एकाच मालकाच्या दोन शाखा एकाच रात्री जळाल्या. मुख्य शाखेची आग जगाच्या इतिहासात गेली. खेड्यातल्या शाखेची बातमी बाहेर पडायलासुद्धा वेळ लागला, कारण तारेचे खांब जळून गेले होते.

आगीनंतरचा शिकागो थक्क करणारा आहे. राख थंड होण्याआधी एका जागा विकणाऱ्या गृहस्थाने लाकडी टपरी ठोकून पाटी लावली, की सर्व काही गेलं, बायको, मुलं आणि उमेद तेवढी शिल्लक आहे. (आमच्या हिने विचारलं, बायकोचा नंबर पहिला लावला का? लावला होता.) 1885 साली दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली, लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावरची, गगनचुंबी इमारतींची आद्य आजी. आगीतला जळका ढिगारा सरोवरात लोटून शहराने नवी जमीनही करून घेतली. नुकसान भरून काढणे हा वाक्प्रचार इतक्या शब्दशः कोणी वापरला नसेल. याच भरावावर 1893 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी एक इमारत उभी राहिली, त्यात सर्वधर्मपरिषद भरली आणि 11 सप्टेंबरला स्वामी विवेकानंद बोलायला उभे राहिले. म्हणजे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं ते संबोधन, जळालेल्या शिकागोच्या राखेवर उभं राहून उच्चारलेलं आहे. त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकरही ब्राह्म समाजातर्फे बोलले होते. आपल्या माणसाची नोंद आपणच ठेवलेली नाही. तेव्हा इतिहासकारांना फार नावं ठेवण्यात अर्थ नाही.

शिकागोकडून आपल्याला आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे सुट्टी. 1 मे 1886 रोजी आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत कामगारांनी संप केला. त्याचं केंद्र शिकागो. 3 तारखेला मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळीबार केला. 4 तारखेला हेमार्केट चौकातल्या निषेधसभेत कोणीतरी बाँब फेकला. तो कोणी फेकला हे कधीच सिद्ध झालं नाही. पोलीस मेले, कामगार मेले आणि आठ पुढाऱ्यांना दोषी ठरवून चौघांना 1887 साली फाशी दिलं. 1893 साली गव्हर्नर आल्टगेल्डने उरलेल्या तिघांना सोडताना खटलाच अन्यायाचा होता असं लिहून ठेवलं. त्या घटनेच्या स्मरणार्थ जगभर 1 मे हा कामगार दिन झाला. अमेरिकेत मात्र कामगारांची सुट्टी सप्टेंबरात. ज्या शहरामुळे आम्ही 1 मेला घरी आंब्याचा रस खातो, त्या शहरात त्या दिवशी कचेऱ्या चालू असतात. आमच्यावर दुसरा अन्याय असा, की महाराष्ट्र दिनही त्याच दिवशी येतो आणि दोन सुट्ट्यांची एक होते. पण पाच-साडेपाचला टेबल आवरून निघता येतं, ती सवलत कोणी भरून ठेवलेली आहे, एवढं त्या दिवशी आठवायला हरकत नाही.

शेवटची नोंद आमच्या खात्यातली, म्हणून जरा अवघड आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडून लाखो काळी माणसं आगगाडीने शिकागोला येऊ लागली. कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत राबू लागली. 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, मग निळा, मग पिवळा आणि लाल म्हणजे धोक्याचा. काळ्यांची वस्ती असलेला भाग बहुतेक लाल. लाल भागात सरकारी हमीचं कर्ज नाही. मग तिथल्या माणसाने घर घ्यायचं कसं? दलाल स्वस्तात घर घेऊन दुप्पट किमतीला हप्त्यावर द्यायचे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले हप्तेही गेले. 1968 साली लॉन्डेल भागातल्या अशा कुटुंबांनी संघ काढला आणि शेकडो घरांनी हप्ते रोखून धरले. शिकागोच्या वस्त्यांतून उठलेल्या चळवळींमुळे 1975 आणि 1977 साली कायदे झाले. बँकांनी कुठे किती कर्ज दिलं ते उघड करायचं आणि ज्या भागातून ठेवी घेता त्या भागाच्या गरजा भागवायच्या.

मी कर्ज विभागात होतो. लाल शाई मीही वापरली आहे, ती दौतीतून येते म्हणून कोणाला दोष लागत नाही असं वाटतं. त्या नकाशांवर रंग भरणारे कोणी राक्षस नव्हते. माझ्यासारखे दहा ते पाच बसणारे, घरून डबा आणणारे लोक असतील. वह्या वाचवणारा कारकून आणि नकाशा रंगवणारा कारकून, एकच जात. शहर त्याच्या हातून वाचतं आणि त्याच्याच हातून कोणाच्या तरी नावावर फुली पडते.

1950 साली शिकागोची वस्ती 36 लाखांवर गेली होती, 2020 साली ती 27 लाखांवर आलेली आहे. 1865 च्या नाताळात उघडलेला तो अवाढव्य जनावरांचा बाजार 1971 साली बंद झाला. बोर्ड ऑफ ट्रेड 2007 साली शेजारच्या मर्कंटाइल एक्स्चेंजमध्ये विलीन झालं आणि 2015 साली ओरडून-ओरडून वायदे करण्याचे बहुतेक रिंगण बंद पडले. आता यंत्रं आपसात गप्प बसून सौदे करतात.

बोर्ड ऑफ ट्रेडची 1930 सालची उंच इमारत मात्र उभी आहे. तिच्या शिखरावर सेरेसचा, म्हणजे रोमन लोकांच्या धान्यदेवतेचा, अॅल्युमिनियमचा पुतळा आहे. जॉन स्टॉर्स या शिल्पकाराने तो केला. एका हातात गव्हाच्या ओंब्या, दुसऱ्या हातात पिशवी आणि चेहरा नाही. नाक-डोळे काही नाही, सगळं गुळगुळीत. इतक्या उंचीवर चेहरा बघायला येणार कोण, म्हणून त्याने तो केलाच नाही असं सांगतात. पुढे आजूबाजूला आणखी उंच इमारती झाल्या आणि आता त्यांच्यातले हजारो कारकून रोज मान वर करून, खरं म्हणजे मान खाली घालून, तो नसलेला चेहरा बघतात.

मावसभावाला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं, या खेपेला फोन माझा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे तुझं म्हणणं, शहर चांगलं नाही?”

शहर फार चांगलं आहे. असं शहर बांधायला छाती लागते. पण एवढंसं आहे, की आमच्या काउंटरवर कोणी लाख रुपये भरो की शंभर, स्लिपवर खाली एक ओळ असते, ‘भरणाऱ्याचे नाव’. ती कोरी असेल तर आम्ही स्लिप परत करतो. गिऱ्हाईक चिडतं, रांग कुरकुरते, पण आम्ही ओळ भरून घेतो. शून्यातून पैसे आले असं आजवर एकाही स्लिपवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.